बाजाराची पिशवी आणि घरचे आरोग्य

रुग्ण तपासताना आम्ही डॉक्टर मंडळी जीभ पाहतो, नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो. जेवणात काय असते, हेही विचारतो. पण ‘बाजारातून काय आणता आणि तेच का आणता?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक घरात जे शिजते ते आधी दुकानात निवडलेले असते. मधुमेहाचे पथ्य जेवायला बसल्यावर सुरू होत नाही. ते वाण्याच्या दुकानात सुरू होते, किंवा तिथेच मोडते. म्हणून आजच्या लेखात रोजच्या खरेदीमागे आपले मन कसे चालते, याचा विचार करू.

माझा दवाखाना सात रस्त्याजवळ आहे. पंचवीसहून अधिक वर्षांच्या व्यवसायात एक गोष्ट नेहमी दिसते. महिन्याची वीस तारीख उलटली की रक्तदाब वाढलेले, साखर चढलेले रुग्ण येऊ लागतात. विचारले की उत्तर ठरलेले असते, ‘गोळ्या संपल्या होत्या, पगार झाला की घेणार होतो.’ त्याच घराच्या फडताळात मात्र मुलांच्या उंचीसाठी आणलेला पावडरचा डबा असतो, टीव्हीवर पाहून मागवलेले गुडघ्याचे तेल असते आणि ‘एकावर एक मोफत’ मिळालेली बिस्किटे असतात. ही माणसे उधळी नसतात. पै-पैचा हिशेब ठेवणारी असतात. तरीही असे का होते?

पाय रस्ता जाणतात

सात रस्त्यावर रोज येणारा माणस कोणता रस्ता कोठे जातो याचा विचार करीत नाही. डोक्यात दुसरेच विचार चालू असतात आणि पाय आपोआप घराकडे वळतात. खरेदीचेही तसेच आहे. साबण, चहा, तेल, मीठ या गोष्टी आपण दर वेळी पारखून घेत नाही. मागच्या वेळी घेतले तेच घेतो. यात चूक काही नाही. प्रत्येक वस्तूवर विचार करत बसलो तर किराणा घ्यायला दिवस पुरणार नाही.

अडचण अशी, की मनाची ही सवय दुकानदाराला आणि जाहिरात करणाऱ्याला ठाऊक असते, आपल्याला मात्र ठाऊक नसते. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले, ‘यांतली सर्वांत चांगल्या प्रतीची जोडी कोणती?’ लोकांनी हाताने चाचपून उत्तरे दिली. अगदी उजवीकडची जोडी ४० टक्के लोकांनी निवडली, अगदी डावीकडची फक्त १२ टक्क्यांनी. कारण विचारल्यावर कोणी वीण चांगली म्हणाले, कोणी पोत चांगला म्हणाले. प्रत्यक्षात चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या! ‘जागेमुळे तर तुम्ही ही निवडली नाही ना?’ असे विचारले तेव्हा बहुतेक सर्वांनी ते साफ नाकारले.

सोलापूरकरांना कापडाची पारख उपजतच आहे. चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून सूत ओळखणारी माणसे आपल्या गावात आहेत. पण तीच माणसे औषधाच्या, पावडरच्या किंवा तेलाच्या दुकानात गेली की बोटांना काही कळत नाही. तेथे मग डबा, रंग, किंमत आणि जागा हेच आपल्यासाठी निवड करतात आणि आपण नंतर त्याला कारणे जोडतो.

आकड्याची खुंटी

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७४ साली दाखवून दिले, की कानावर पडलेला पहिला आकडा मनात खुंटीसारखा रुततो. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवले. ते गुपचूप असे बनवले होते, की १० किंवा ६५ याच आकड्यावर थांबावे. मग विचारले, ‘संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकेतील देश किती टक्के असतील?’ चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता. तरी १० आकडा पाहिलेल्यांचे मधले उत्तर २५ आले आणि ६५ पाहिलेल्यांचे ४५. कानेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नवी पेठेतले किंवा चाटी गल्लीतले दुकान डोळ्यांसमोर आणा. आधी भारी साडी उलगडली जाते. मग दुसरी, त्याहून कमी किमतीची. पहिलीचा आकडा मनात बसलेला असल्याने दुसरी स्वस्त वाटू लागते. ‘मूळ किंमत’ म्हणून खोडलेला आकडा हीच खुंटी असते. बाटाच्या दुकानातले ९५ पैशांचे भाव आपल्या पिढीला आठवत असतील. तोच प्रकार आज ९९ आणि ४९९ या आकड्यांत चालतो. मन डावीकडचा आकडा आधी वाचते आणि ४९९ ला ‘चारशे’च्या घरात टाकते.

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भाव करताना आपण निदान सावध असतो. विक्रेता जास्त सांगणार हे गृहीत धरलेले असते. छापील किमतीपुढे मात्र आपण नम्र होतो. लक्षात ठेवा, पाकिटावर छापतात ती कमाल किरकोळ किंमत असते. त्याहून जास्त घेणे गुन्हा आहे, पण कमी घेण्यास कोणाचीही मनाई नाही. म्हणून ‘छापील किमतीवर २० टक्के सूट’ ऐकून हुरळून जाऊ नये. सूट किती यापेक्षा हातातून किती गेले आणि वस्तू किती मिळाली, हा हिशेब खरा.

महाग तेच गुणकारी?

हा समज आमच्या व्यवसायात फार भेटतो. स्वस्त गोळी दिली की रुग्णाचा चेहरा उतरतो. ‘डॉक्टर, जरा भारी लिहून द्या ना.’ साध्या थकव्याला सलाईन लावा, असा आग्रह होतो. यामागेही मनाचा एक नियम आहे. २००८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ निरोगी व्यक्तींच्या मनगटाला विजेचे सौम्य झटके दिले आणि नवी वेदनाशामक गोळी म्हणून एक गोळी दिली. निम्म्यांना सांगितले, की गोळीची किंमत अडीच डॉलर आहे. उरलेल्यांना सांगितले, की किंमत उतरवून १० सेंट केली आहे. भारी गोळी घेतलेल्या ८५ टक्के लोकांचे दुखणे कमी झाले, स्वस्त घेतलेल्यांपैकी ६१ टक्क्यांचे. गंमत अशी, की दोन्ही गोळ्यांत औषध नव्हतेच!

दुखणे ही मनाला जाणवणारी गोष्ट आहे, त्यामुळे तिच्यावर किमतीचा प्रभाव पडू शकतो. पण रक्तातली साखर किंवा रक्तदाब हे गोळीची किंमत पाहून उतरत नाहीत. तेथे औषध आणि त्याची मात्राच लागते. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत अनेक औषधे मूळ नावाने, बरीच कमी किमतीत मिळतात. कायमच्या गोळ्या सुरू असतील तर आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘यातले मूळ औषध कोणते? ते जनऔषधीत घेतले तर चालेल का?’ यात डॉक्टरांचा अपमान नाही. मात्र फिट्स, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे यांत विचारल्याशिवाय परस्पर बदल करू नका.

टॉनिकचेही तसेच. ‘अशक्तपणा’ हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. आधी हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असेल तर लोहाच्या गोळ्या लागतील आणि सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. रंगीत बाटलीपेक्षा त्या साध्या गोळीचे मोल जास्त आहे, जरी तिला किंमत नसली तरी.

डब्याचा दर्शनी भाग आणि पाठ

डब्याच्या पुढच्या बाजूला जाहिरात असते, पाठीमागे माहिती असते. आपण पुढची बाजू वाचून पैसे देतो. पुढे धावणारा मुलगा, फळांचे चित्र, डोंगर, दूध असे सारे दिसते. ‘हेल्थ ड्रिंक’ हा शब्द आपण किती वर्षे ऐकला! एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढून टाकण्यास सांगितले, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डब्यातील रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावाही काढण्याचे आदेश दिले.

पाठीमागचा मजकूर वाचण्यासाठी दोन नियम पुरेत. पहिला, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन नावांत साखर असेल तर तो पदार्थ मुख्यतः गोड आहे असे समजा. साखर अनेक नावांनी वावरते. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच भावंडे. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव साखरेचे वाटत नाही, पण तेही रक्तातली साखर झपाट्याने वाढवते. दुसरा, ‘१०० ग्रॅममध्ये किती’ हा आकडा पाहा. समजा, पावडरच्या १०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम साखर आहे. एका वेळी २० ग्रॅम पावडर घातली तर ६ ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे दीड चमचा. दिवसातून दोन कप, म्हणजे तीन चमचे, आणि आईने वरून घातलेली साखर वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार, २००० कॅलरींच्या आहारात वरून मिसळलेली साखर ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर अधिक चांगले. लहान मुलांना तर याहून कमी.

आता शेंगदाण्यांचा विचार करा. १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिची भाकरी, मटकीची उसळ आणि मूठभर दाणे हे मुलाच्या वाढीचे खरे साहित्य. पण दाण्याच्या पोत्यावर धावणाऱ्या मुलाचे चित्र नसते, म्हणून ते मनात भरत नाही. (शेंगाचटणी जरूर खावी, मात्र रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाकडे लक्ष ठेवून. मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.)

पुडी, मोफत आणि फोन

दहा रुपयांचे पुडके स्वस्त वाटते. त्यात ४० ग्रॅम माल असेल तर किलोचा भाव २५० रुपये झाला! हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. त्यांचे गणितही सुधारेल. ‘मोफत’ या शब्दाने तर भल्याभल्यांची बुद्धी थांबते. दुसरा पुडा फुकट मिळाला तरी तो खायचा कोणाला? मधुमेही माणसाला फुकटची बिस्किटे सर्वांत महाग पडतात.

पैसे देण्याची पद्धतही मनावर परिणाम करते. नोट हातातून जाताना जीव थोडा तुटतो. हे तुटणे उपयोगाचे असते. प्रेलेक आणि सिमेस्टर या अमेरिकेतील संशोधकांनी २००१ साली दाखवले, की कार्डाने पैसे द्यायचे असतील तर लोक त्याच वस्तूला रोखीपेक्षा जास्त रक्कम द्यायला तयार होतात, काही वेळा दुपटीपर्यंत. आपल्याकडे २०१६ साली युपीआय आले आणि आता भाजीच्या गाड्यावरही फोन दाखवून पैसे जातात. सोय उत्तम आहे, पण जीव तुटत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा फोनमधला खर्च घरच्यांसमोर मोठ्याने वाचावा.

चणचण मनालाही लागते

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. हातावर पोट असणारी, विड्या वळणारी, यंत्रमागावर राबणारी माणसे चुकीची खरेदी करतात तेव्हा सुशिक्षित लोक नाक मुरडतात, ‘यांना कळत नाही.’ साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याने या बाबतीत एक संशोधन जरूर लक्षात ठेवावे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची बुद्धीची चाचणी ऊसतोडणीपूर्वी, म्हणजे पैशाची ओढाताण असताना घेतली आणि तोडणीनंतर हाती पैसा आल्यावर पुन्हा घेतली. माणसे तीच, पण ओढातणीच्या काळात त्यांची कामगिरी स्पष्टपणे कमी होती. काळजीच मेंदूची जागा अडवून बसते आणि विचाराला जागा उरत नाही.

म्हणून घरातल्या बाईने दहा रुपयांची पुडी घेतली, रोजंदारी करणाऱ्या बापाने मुलाच्या हट्टापुढे हात टेकले, तर त्यांना अडाणी ठरवू नका. ज्याच्या हाती आजचे पैसे आज येतात, त्याला मोठा पुडा परवडतच नाही. आणि मुलाला डबा आणणाऱ्या आईला त्या डब्यात मुलाचे भविष्य दिसत असते. तिला रागावून उपयोग नाही. तिला दाण्यांचा हिशेब शांतपणे समजावून द्यावा लागतो.

उपाय घरीच

मन दुकानात दुबळे असते, घरी शहाणे असते. रीड आणि व्हॅन लीउवेन यांनी १९९८ साली हॉलंडमध्ये कार्यालयांतील लोकांना पुढच्या आठवड्यासाठी खाऊ निवडायला सांगितले. तेव्हा बऱ्याच जणांनी फळे निवडली. आठवड्याने प्रत्यक्ष खाऊ समोर आल्यावर मात्र त्यांतल्या अनेकांनी बेत बदलून चॉकलेट किंवा वेफर्स उचलले. भूक लागलेली असताना निवड आणखीच बिघडते, हेही त्याच अभ्यासात दिसले.

हे शहाणपण आपल्या महाराष्ट्रात कोणत्याही प्रयोगाशिवाय वापरले गेले आहे. बिंदूमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारची कुटुंबे गट करतात, महिन्याची यादी घरी बसून आधी भरून देतात, माल घाऊक घेतला जातो आणि गटात वाटला जातो. यात स्वस्ताई आहेच. पण माझ्या दृष्टीने मोठा लाभ असा, की निवड मांडणीसमोर होत नाही, स्वयंपाकघरात होते. आपल्या गल्लीतल्या पाच-सात घरांनी डाळ, शेंगदाणे, ज्वारी यांपुरता असा गट करून पाहावा.

वैयक्तिक पातळीवर पुढील पथ्ये पाळा :

१) महिन्याचे पैसे हाती आले की सर्वप्रथम कायमच्या गोळ्या पूर्ण महिन्याच्या घ्या. रोजगार आठवड्याचा असेल तर आठवड्याच्या घ्या. किराणा त्यानंतर.

२) यादी घरी करा, जेवण झाल्यावर करा. यादीबाहेरची वस्तू त्या दिवशी घ्यायची नाही. पुढच्या आठवड्यातही आठवली तर खुशाल घ्या.

३) लक्ष्मी मंडईत भाजी आधी, किराणा नंतर. पिशवी भाजीने भरली की पुड्यांना जागा उरत नाही.

४) मुलांना यादी करताना सोबत घ्या, एक वस्तू त्यांना निवडू द्या. दुकानातला हट्ट बराच कमी होतो.

५) ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर ती वस्तू घेऊ नका. मधुमेह बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. जो कायदा मोडून विकतो, तो बाटलीत काय भरील याचा भरवसा काय?

६) पावती घ्या. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे.

खरेदी हाच आजार असतो तेव्हा

काही वेळा हा प्रश्न सवयीच्या पलीकडे जातो. एखादी व्यक्ती अचानक आठवडाभर झोपत नाही, खूप बोलते, मोठमोठे बेत करते आणि वस्तूंवर वस्तू आणते, तर तो उन्मादाचा मानसिक आजार असू शकतो. वृद्ध गृहस्थ घरात चार पुडे असताना पुन्हा पुन्हा तेच आणत असतील, पैशांचा हिशेब चुकत असेल, तर विसराळूपणा म्हणून सोडू नका. ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. कोणी उदास झाले की खरेदी करते, वस्तू उघडतही नाही, कर्ज लपवते, त्यालाही मदतीची गरज आहे. यांपैकी काही दिसले तर भांडू नका, डॉक्टरांकडे घेऊन या. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

वाचकहो, बाजार हा शत्रू नव्हे. सोलापूर वाढले ते बाजारपेठेवरच. पण दुकानदार आपला धंदा विचारपूर्वक करतो, तर गिऱ्हाइकानेही आपला धंदा विचारपूर्वक करावा. या आठवड्यात एकच करा. मागच्या महिन्याची किराण्याची पावती किंवा वही काढा आणि ज्या वस्तूंनी घरातल्या कोणाचेही भले झाले नाही, त्यांच्यापुढे खूण करा. त्यांची बेरीज आणि आई-वडिलांच्या गोळ्यांचे बिल शेजारी-शेजारी लिहा. पुढे काय करायचे, ते तुमचे तुम्हालाच समजेल.